पौलाची पत्रे अभ्यासायची कशी: फिलेमोनापासून सुरुवात

नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रे आहेत आणि त्यांतली १३ पौल या पहिल्या शतकातल्या प्रेषिताच्या नावावर आहेत. नवीन माणूस बहुधा रोमकरांस पत्रापासून सुरुवात करतो, कारण छापील बायबलात ते आधी येतं. मग तिसऱ्या-चौथ्या अध्यायाशी गाडं अडतं. वास्तविक ते आधी येतं ते लांबीमुळे. मंडळ्यांना (गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांना) लिहिलेली पत्रं साधारण मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेली आहेत, त्यानंतर व्यक्तींना लिहिलेली, तीही तशीच. कोणतं आधी लिहिलं याच्याशी या क्रमाचा काही संबंध नाही.

या लेखात सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: पत्र कोणत्या भानगडीतून लिहिलं गेलं हे आधी शोधायचं, सिद्धांत नंतर. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक पत्रात तुम्हाला तुमच्याच मंडळीची शिकवण सापडेल आणि पौल बाजूलाच राहील.

हाताशी काय हवं

दोन मराठी भाषांतरं घ्या. एक बायबल सोसायटीचं, जे बहुतेक घरांत असतं, आणि दुसरं शक्यतो वेगळ्या वळणाचं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर (१९२४) मिळालं तर उत्तम. दोन्हींत फरक दिसला की तिथे पेन्सिलने खूण करा. मुळात काहीतरी अवघड आहे किंवा हस्तलिखितांत मतभेद आहे, असं बहुतेकदा त्या जागी निघतं. शिवाय एजियन समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांचा नकाशा (करिंथ, इफिस, फिलिप्पै, थेस्सलनीका दिसतील असा) आणि एक वही. ग्रीक पहिल्या वर्षी आलंच पाहिजे असं नाही. भाष्यग्रंथ मात्र सुरुवातीला कपाटातच ठेवा. आधी ते उघडले की पत्रातले प्रश्न दिसण्याआधी उत्तरंच दिसू लागतात.

पायरी १: एका बैठकीत, मोठ्याने

ही पत्रं मंडळीत वाचून दाखवण्यासाठी लिहिली होती. १ थेस्स. ५:२७ मध्ये (थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय ५, वचन २७) पौल तसं शपथ घालून सांगतो. म्हणून पहिलं वाचन मोठ्याने आणि सलग करा. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र २५ वचनांचं, ग्रीकमध्ये जेमतेम ३३५ शब्दांचं. चार मिनिटांत संपतं. करिंथकरांस पहिल्या पत्राला तासभर लागतो. तो द्या.

वाचण्यापूर्वी मजकूर अध्याय-वचनांचे आकडे आणि मथळे काढून साध्या पानावर उतरवून घ्या. अध्याय तेराव्या शतकातले आहेत. वचनांचे आकडे मुद्रक रोबेर एस्तिएनच्या १५५१च्या आवृत्तीतून आले. मथळे तर आजच्या संपादकांचे. हे तुकडे कुठे चुकतात ते १ करिंथ ११:१ वर पाहा. ‘माझे अनुकरण करा’ हे वाक्य दहाव्या अध्यायाच्या युक्तिवादाचा शेवट आहे, पण ते अकराव्याच्या डोक्यावर बसलंय आणि त्यामुळे पुढच्या मस्तकाच्या आच्छादनाच्या विषयाला जोडून वाचलं जातं.

पायरी २: साचा ओळखा, मग साचा कुठे मोडला ते पाहा

इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथल्या उकिरड्यांतून १८९६ पासून हजारो पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख) बाहेर आले, त्यांत साध्या माणसांची खाजगी पत्रंही भरपूर. त्या काळच्या पत्राचा साचा त्यावरून पक्का कळतो: अमक्याकडून तमक्याला, सलाम, प्रकृतीची विचारपूस किंवा देवांचे आभार, कामाची गोष्ट, याला-त्याला नमस्कार, निरोप. पौल हाच साचा वापरतो, फक्त फुगवून. बहुतेक पपायरस पत्रं एका पानात आटोपतात. रोमकरांस पत्र ग्रीकमध्ये सुमारे ७,१०० शब्दांचं आहे.

वहीत प्रत्येक पत्राचे पाच भाग लिहून काढा: पाठवणारा, घेणारा, उपकारस्तुती, मुख्य मजकूर, शेवटचे सलाम. आता विचित्र काय ते शोधा.

गलतीकरांस पत्रात उपकारस्तुतीच नाही. जिथे ‘मी तुमच्याविषयी देवाचे आभार मानतो’ यायला हवं, तिथे १:६ मध्ये थेट ‘मला आश्चर्य वाटते’ येतं. ऐकणाऱ्यांना ते लगेच झोंबलं असणार. रोमकरांस पत्रात पाठवणाऱ्याची ओळखच सहा वचनं लांबते, कारण त्या मंडळीला तो तोवर भेटलेलाच नाही. फिलेमोनाला लिहिताना तो स्वतःला प्रेषित म्हणवून घेत नाही, बंदिवान म्हणवून घेतो. आणि १ करिंथमधली उपकारस्तुती जपून वाचा: वक्तृत्व, ज्ञान आणि कृपादाने यांत तुम्ही संपन्न आहात असं तो १:५-७ मध्ये कौतुकाने म्हणतो, आणि पुढे पंधरा अध्याय नेमक्या याच तीन गोष्टींवरून त्यांचे कान उपटतो.

लिहिणारा हात कुणाचा हेही टिपा. रोम. १६:२२ मध्ये लेखनिक तर्तियस स्वतःच सलाम सांगतो. गलती. ६:११ आणि १ करिंथ १६:२१ मध्ये पौल लेखणी स्वतःच्या हाती घेतो. शैलीवरून ‘हे पौलाचं नाही’ असा निकाल देण्याआधी मध्ये लेखनिक होता हे विसरू नका.

पायरी ३: फिलेमोनावर हात बसवा

वहीच्या पानाचे तीन रकाने करा: वचन, मजकुरात प्रत्यक्ष काय आहे, आपण काय धरून चाललो. मग ऐकीव गोष्ट लिहून काढा: अनेसिम हा दास चोरी करून पळाला, रोमच्या तुरुंगात पौलाला भेटला, ख्रिस्ती झाला, पौलाने त्याला परत पाठवलं. आता एकेक तपशील मजकुरात शोधा.

तो दास होता हे १६व्या वचनावरून निघतं. पौल बंदिवासात आहे, हेही स्पष्ट. पण रोम कुठेच नाही. इफिस किंवा कैसरिया हेही पर्याय अभ्यासक मांडतात. ‘पळाला’ नाही, १५व्या वचनात फक्त ‘वेगळा झाला’ आहे. चोरीही नाही, १८व्या वचनात ‘त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल तर’ एवढंच. धन्याशी बिनसल्यावर मध्यस्थीसाठी त्याच्या मित्राकडे जाणारा दास रोमी कायदेपंडितांच्या दृष्टीने फरारी नव्हता, त्यामुळे अनेसिम मुद्दामच पौलाकडे गेला असंही म्हणता येतं. दास्यातून मोकळं कर असंही पौल सरळ शब्दांत म्हणत नाही. ‘दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू’ म्हणून ठेव म्हणतो, आणि २१व्या वचनात ‘मी म्हणतो त्याहून अधिक करशील’ अशी पुस्ती जोडतो. ती पुस्ती म्हणजे मुक्तीची सूचना की नाही, हा वाद आजही चालू आहे.

तिसरा रकाना भरत गेला की घाबरू नका, तो भरायलाच हवा. पाहुण्यासाठी खोली तयार ठेव (२२), म्हणजे मी येऊन बघणार आहे. पत्र एकट्या फिलेमोनाला नाही, घरी जमणाऱ्या मंडळीलाही आहे (२), म्हणजे धन्याला निर्णय चारचौघांसमोर घ्यायचा आहे. हा दबाव मजकुरातला आहे, कल्पनेतला नाही.

मग लगेच रोमी मुत्सद्दी प्लिनीचं साबिनियानसला लिहिलेलं पत्र (९.२१, म्हणजे त्याच्या पत्रसंग्रहाच्या नवव्या पुस्तकातलं २१वं) वाचा. तिथे मुक्त केलेला दास धन्याच्या रागाला भिऊन प्लिनीकडे येतो. प्लिनी त्याच्या अश्रूंचा हवाला देतो, राग रास्त आहे हे मान्य करतो, आणि पुन्हा अशी रदबदली करणार नाही असं आपण त्याला बजावल्याचं सांगतो. पौल रागाबद्दल बोलतच नाही. नुकसान माझ्या नावावर मांड म्हणतो. दोन पत्रं शेजारी ठेवली की पौलाचं वेगळेपण कुठे आहे ते भाष्याशिवाय कळतं.

पायरी ४: काळ कसा ठरतो

पौल एकाही पत्रावर तारीख घालत नाही. सगळी कालगणना एका खुंटीवर टांगलेली आहे, ती म्हणजे डेल्फी इथे तुकड्यांत सापडलेला शिलालेख. त्यात सम्राट क्लौदियाच्या पत्रात गल्लियो या अखया प्रांताच्या (करिंथ याच प्रांतात) अधिपतीचं नाव येतं, आणि क्लौदियाचा २६वा ‘इंपेरातोर’ जयघोष (लष्करी विजयानंतर सम्राटाला मिळणारा मान) नमूद आहे. २७वा जयघोष इ.स. ५२च्या १ ऑगस्टपूर्वी झाला होता, म्हणून हे पत्र ५२च्या पूर्वार्धातलं ठरतं. अधिपतीची नेमणूक साधारण वर्षाची आणि उन्हाळ्यात सुरू होणारी, म्हणून गल्लियो बहुधा ५१-५२ मध्ये करिंथला होता. प्रेषितांची कृत्ये १८:११-१२ प्रमाणे पौल तिथे दीड वर्ष राहिला आणि गल्लियोपुढे उभा केला गेला.

इथून मागेपुढे मोजत जा. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र याच मुक्कामातलं, ५०-५१च्या सुमाराचं. करिंथकरांस पहिलं इफिसहून (१६:८), ५४च्या आसपास. रोमकरांस पत्र त्यानंतर, करिंथ परिसरातून, ५६-५७च्या सुमारास. करिंथच्या बंदरातली, किंख्रियाची फिबी त्याच पत्रात १६:१ मध्ये भेटते. क्रम लावायला वर्गणीचा धागाही धरा. यरुशलेमच्या गरिबांसाठी चाललेली ती वर्गणी १ करिंथ १६:१-४ मध्ये सुरू व्हायची आहे, २ करिंथ ८-९ मध्ये रेंगाळली आहे, रोम. १५:२५-२७ मध्ये पौल ती घेऊन निघाला आहे.

इथे नवीन अभ्यासक एक चूक हमखास करतात: प्रेषितांची कृत्ये आणि पत्रं एकत्र कालवून एकच गोष्ट बनवतात. कृत्यांचं पुस्तक नंतरचं आणि दुसऱ्याने लिहिलेलं आहे. दोन वेगळे रकाने ठेवा. पौलाच्या यरुशलेम-भेटींआधीची गलती. १:१८ मधली तीन वर्षं आणि २:१ मधली चौदा वर्षं आधी पत्राच्या रकान्यात बसवा, मग गलती. २ मधली भेट म्हणजेच कृत्ये १५ मधली सभा का, हा प्रश्न विचारा. जुळत नसेल तर जुळत नाही असं लिहून ठेवा.

पायरी ५: पलीकडची बाजू उभी करा, पण हात राखून

यासाठी १ करिंथसारखं पत्र नाही. पौलाला माहिती तीन वाटांनी मिळाली आहे: ख्लोवेच्या माणसांकडून (१:११), मंडळीच्या पत्रातून (७:१), आणि स्तेफन, फर्तूनात व अखायिक आले होते त्यांच्याकडून (१६:१७). त्याने आधीही एक पत्र लिहिलं होतं (५:९), ते हरवलं. म्हणजे आपलं ‘पहिलं’ पत्र पहिलं नाहीच.

‘आता अमुक गोष्टीविषयी’ अशी सुरुवात कुठे येते तिथे रेघ मारा: ७:१, ७:२५, ८:१, १२:१, १६:१, १६:१२. बहुधा मंडळीच्या पत्रातले मुद्दे तो एकेक करून घेत आहे. आता त्यांची वाक्यं शोधा. ‘सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे’ (६:१२), ‘आपणा सर्वांना ज्ञान आहे’ (८:१), ‘स्त्रीला स्पर्श न करणे पुरुषासाठी बरे’ (७:१). जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागासुद्धा सोडलेली नसते, मग अवतरणचिन्हं कुठून येणार? ही वाक्यं करिंथकरांची मानायची आणि लगेच येणारा ‘पण’ पौलाचा, असं आज बहुतेक भाष्यकार धरतात. ७:१ पौलाच्या तोंडी घातलं तर तो लग्नाचा वैरी ठरतो. करिंथकरांच्या तोंडी घातलं तर पुढची चार वचनं त्याचं खंडन ठरतात. भाषांतराने चिन्हं दिली आहेत की नाही हे तपासल्याशिवाय या अध्यायावर बोलू नये.

प्रत्येक अनुमानापुढे ठाम, शक्य किंवा अंदाज असा शेरा मारा. कारण या कामात अति करण्याचा मोह मोठा. पौलाने एखादी गोष्ट नाकारली की ‘म्हणजे विरोधक तसा आरोप करत होते’ असं धरलं जातं. १ थेस्स. २:३-६ मध्ये तो म्हणतो की आम्ही कपटाने, खुशामतीने किंवा लोभाने बोललो नाही. पण त्या काळचे भले वक्ते स्वतःला भोंदू फिरत्या तत्त्वज्ञांपासून वेगळं दाखवायला नेमकं असंच बोलत. दिओन क्रिसोस्तोम या त्या काळच्या ग्रीक वक्त्याच्या भाषणांत हा सूर स्पष्ट आहे. आरोप करणारं कुणी नसेलही.

एक उतारा जवळून: १ करिंथ ११:१७-३४

प्रभुभोजनाच्या वेळी बहुतेक ठिकाणी २३व्या वचनापासून वाचतात. तुम्ही १७पासून वाचा. तक्रार जेवणाची आहे: एक उपाशी राहतो, दुसरा पिऊन झिंगतो (२१), आणि ‘ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता’ (२२).

आता घराचा विचार करा. करिंथ इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये यूलियस कैसराने पुन्हा वसवलं, त्यात मुक्त केलेल्या दासांचा भरणा मोठा. नव्या श्रीमंतीचं शहर. सधन रोमी घरातल्या जेवणाच्या खोलीत तीन बाकांवर रेलून साधारण नऊ माणसं मावत. बाकीचे बाहेरच्या चौकात. पाहुण्यांच्या दर्जानुसार अन्न आणि दारू वेगळी देण्याची रीतही होती. प्लिनी (२.६) एका अशा यजमानाची टर उडवतो, ज्याने एकाच मेजवानीत तीन प्रतीची दारू तीन प्रकारच्या पाहुण्यांना वाटली. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. करिंथची मंडळी अशाच घरात जमे की एखाद्या कारागिराच्या दुकानामागे, याबद्दल मतं वेगळी आहेत, तेव्हा खोलीच्या आराखड्यापुढे ‘शक्य’ लिहा. श्रीमंत-गरीब फरकापुढे ‘ठाम’ लिहायला हरकत नाही, तो २२व्या वचनातच आहे.

हे पक्कं झाल्यावर २३-२५ वाचा. प्रभूच्या शेवटच्या भोजनाचं आपल्याकडचं सर्वांत जुनं लिखित वर्णन हेच, मार्कच्या शुभवर्तमानाहून दीडेक दशक आधीचं. आणि ते आलंय ते पंगतीतल्या भेदभावाचा निकाल लावायला. मग २९मधलं ‘शरीर न ओळखता’ जेवणं म्हणजे काय? भाकरीचं पावित्र्य न ओळखणं, की शेजारी उपाशी बसलेल्या भावाला ख्रिस्ताच्या शरीराचा भाग न मानणं? १०:१७ आणि १२:१२ दुसऱ्या अर्थाकडे झुकवतात, २७वं वचन पहिल्याकडे. माझ्या मते संदर्भाचं वजन दुसऱ्या बाजूला जास्त आहे, कारण शेवटचा हुकूम (३३) निव्वळ व्यवहारी आहे: एकमेकांसाठी थांबा.

पायरी ६: आता सिद्धांत

गलती. २:१६ हे ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ या शिकवणीचं मुख्य वचन. ते सुटं पाठ करू नका, २:११पासून या. अंत्युखियात केफा (म्हणजे पेत्र) परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आल्यावर मागे सरला, आणि पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सुनावलं. २:१६ त्या भांडणाच्या पोटातून आलेलं वाक्य आहे. म्हणून ‘नियमशास्त्राची कृत्ये’ म्हणजे सर्वसाधारण पुण्यकर्म, की सुंता आणि खाण्यापिण्याच्या मर्यादांसारख्या यहुदी-परराष्ट्रीय भेद राखणाऱ्या गोष्टी, हा प्रश्न उभा राहतो. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये दाखवलं की पहिल्या शतकातला यहुदी धर्म ‘पुण्य कमवा आणि तारण मिळवा’ असा नव्हता. कृपेने मिळालेल्या करारात राहण्यासाठी नियमशास्त्र होतं. तेव्हापासून हा वाद पेटलेलाच आहे. ल्यूथरच्या परंपरेचे अभ्यासक रोम. ४:४-५ पुढे करतात, आणि ते वचन खरोखर अडचणीचं आहे. बाजू घेण्याआधी दोन्ही उतारे शेजारी लिहा.

पौल जुन्या कराराचा उतारा देतो तिथे मूळ जागा उघडाच, आणि पुढची-मागची दहा वचनं वाचा. तो बहुधा ग्रीक भाषांतरावरून, म्हणजे सेप्टुआजिंटवरून देतो, त्यामुळे मराठी जुन्या कराराशी शब्द जुळले नाहीत तर गोंधळू नका. हबक्कूक २:४ घ्या: हिब्रूत ‘त्याच्या विश्वासाने’, सेप्टुआजिंटमध्ये ‘माझ्या’, आणि गलती. ३:११ मध्ये पौल सर्वनामच गाळतो.

कुणाचं पत्र, कुठला पाठ

रोम, १ व २ करिंथ, गलती, फिलिप्पै, १ थेस्सलनीका आणि फिलेमोन ही सात पत्रं पौलाचीच, यावर जवळजवळ एकमत आहे. कलस्सै, इफिस, २ थेस्सलनीका यांवर वाद. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेली तीन बहुसंख्य अभ्यासक नंतरची मानतात. निकाल ऐकून गप्प बसू नका, एक प्रयोग करा: इफिस. ६:२१-२२ आणि कलस्सै ४:७-८ शेजारी लिहा. तुखिकाविषयीचा मजकूर जवळपास शब्दशः तोच आहे. एकाने दुसरं समोर ठेवून लिहिलं, की एकाच माणसाने लागोपाठ दोन लिहिली? तुमचं उत्तर काय आणि का, ते वहीत लिहा. पौलाची पत्रं म्हणून बोलताना आधी सातांवर उभे राहा.

पाठभेदांसाठी, म्हणजे हस्तलिखितांतल्या शब्दांच्या फरकांसाठी, तळटिपा वाचायची सवय लावा. पी४६ हे इ.स. २००च्या सुमाराचं पपायरस हस्तलिखित पौलाच्या पत्रांचा आपल्याकडचा सर्वांत जुना संग्रह. त्याची काही पानं डब्लिनला, काही मिशिगन विद्यापीठात आहेत. इफिस. १:१ मधले ‘इफिस येथील’ हे शब्द त्यात नाहीत, आणि सिनायटिकस व व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांतही मुळात नव्हते. म्हणजे इफिस शहराच्या इतिहासावरून या पत्राचा अर्थ लावणाऱ्याचा पायाच डळमळीत. १ करिंथ १४:३४-३५, स्त्रियांनी गप्प राहावं हे वचन, काही पाश्चात्त्य हस्तलिखितांत ४०व्या वचनानंतर येतं. ती वचनं मुळात समासातली टीप होती का, या शंकेचं हे एक कारण आहे. ११:५ मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात, हे दुसरं.

नव्या कराराबाहेर

१ करिंथ झाल्यावर क्लेमेंटचं पहिलं पत्र वाचा. रोमच्या मंडळीने करिंथला पाठवलेलं, साधारण ९६च्या सुमाराचं. करिंथकरांनी आपले वडीलजन पदावरून काढले, म्हणून ते लिहिलं गेलं. ४७व्या अध्यायात ‘पौलाचे पत्र हाती घ्या’ असं त्यांना सांगितलं आहे. चाळीस वर्षांनीही गटबाजी तशीच.

त्यानंतर इग्नात्यस. अंत्युखियाचा हा बिशप शिक्षेसाठी रोमला नेला जात असताना त्याने सात पत्रं लिहिली: स्मुर्णाहून इफिस, मग्नेशिया, त्राल्लेस आणि रोम यांना, त्रोवसहून फिलदेल्फिया, स्मुर्णा आणि स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प यांना. सावधगिरी एकच. या पत्रांच्या आखूड आणि लांब अशा आवृत्त्या आहेत, आणि जुन्या इंग्रजी भाषांतरांत त्या शेजारी-शेजारी छापलेल्या सापडतात. लांब आवृत्तीत नंतरच्या शतकातली भर आहे, शिवाय सातांखेरीज इतर बनावट पत्रंही तिच्यासोबत येतात. आखूड मजकूरच वाचा, त्रैक्याविषयीचं एखादं ठसठशीत वाक्य कितीही आवडलं तरी ते कोणत्या रकान्यातलं आहे ते आधी बघा.

आणि बाहेरच्या माणसाची नजर हवी असेल तर प्लिनीचं सम्राट त्रायानला लिहिलेलं पत्र (१०.९६, सुमारे ११२) घ्या. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात आणि पुन्हा साधं जेवण घ्यायला एकत्र येतात, एवढं त्याला चौकशीत कळतं. सम्राटाचं उत्तर (१०.९७) काही ओळींचंच आहे, दोन्ही एकाच बैठकीत वाचा.